चौपदरी फडकं आणि परदेशी मडकं

॥ श्री ॥

मुरबाड, रविवार, ता. ५ फेब्रुवारी १९६७

चि. सौ. कुमुद हिस यमुनावन्संचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड काल दुपारच्या टपालाने आलं आणि त्या कार्डामुळेच हे पत्र लिहावं लागत आहे; नाहीतर पाडव्याच्या आधी पत्र लिहिण्याची माझी पद्धत नाही, हे तुला ठाऊक आहे. तू लिहितेस की धुण्याचं यंत्र आमच्या सूतिकागृहात नुसतं पडून आहे असं कळलं, तेव्हा गुरुवारी ता. ९ ला ट्रक पाठवते, यंत्र चढवून द्यावं, म्हणजे ते नाशिकला तुझ्या भावाकडे जाईल. कुमुद, ट्रक पाठवू नकोस. का पाठवू नकोस ते पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण घाईत असशील तर इथपर्यंत वाचून आधी ट्रकवाल्याला निरोप धाड, मग स्वस्थ बसून बाकीचं वाच.

आता रीतीप्रमाणे. आईचे गुडघे कसे आहेत? थंडीत तिने गॅलरीत बसू नये, आणि बसलीच तर खालच्या लोकांशी बोलण्यासाठी वाकू नये. दिनकरचं पित्त त्याने दुपारची भजी सोडल्याशिवाय जाणार नाही, हे त्याला माझं नाव घेऊन सांग. बेबीने मॅट्रिकला गणित सोडण्याचं मनात आणलं आहे असं ऐकते. सोडू देऊ नकोस. इकडे माझी प्रकृती उत्तम आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी गेल्या शुक्रवारी पंधरा फुटी शिडी चढून उतरले, यावरून काय ते समज. (शिडीचं कारण पुढे येईलच. मध्येच पानं उलटून शोधू नकोस, ती तुझी खोड मला माहीत आहे.)

यंत्र पडून आहे ही बातमी तुला कोणी दिली, हेही मी जाणते. तुझे बंधू गेल्या आठवड्यात म्हशाच्या जत्रेला घोंगड्या घ्यायला आले आणि परतताना चहाला म्हणून इथे डोकावले. यंत्रावर पापड वाळत होते, ते त्यांनी पाहिलं, हे खरं आहे. यंत्राचा माथा सपाट आहे, मागच्या पडवीत त्याच्यावर दुपारी दोन तास स्वच्छ ऊन येतं, आणि यंत्र बंद असलं म्हणून ऊन बंद नसतं. बंधूंनी यंत्राभोवती तीन फेऱ्या घातल्या, दार उघडून आत पाहिलं, आणि हातातल्या घोंगडीने त्याची लांबीरुंदी मोजली. घोंगडीने कोणी यंत्र मोजतं का, असं मला तेव्हा वाटलं. काल कार्ड वाचल्यावर उलगडा झाला. तेव्हा दिवाळीत तुम्ही हे यंत्र आम्हांला दिलंत त्याबद्दल मी पुन्हा आभार मानते. (दिनकरच्या कंपनीतला साहेब विलायतेला जाताना ते त्याच्या गळ्यात मारून गेला, तुमच्या नळाला सकाळी तासभरच पाणी, म्हणून ते तुमच्याकडे साखर लपवण्याच्या कामी येत होतं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.) पण दिलेली वस्तू परत मागायची तर निदान ती निकामी असायला हवी. ती निकामी नाही. यंत्र आता चालतं. दिवाळीपासून परवापर्यंत ते का चालत नव्हतं, हाच या पत्राचा विषय.

त्याआधी एक गोष्ट नीट समजून घे. आमच्याकडे खाटा बारा आहेत, पण बाळंतिणी किती घ्यायच्या हे खाटांवर ठरत नाही, दोरीवर वाळलेल्या चादरींवर ठरतं. हे सगळं धुणं एकटी भिमी धुते. भिमी धसईच्या वरच्या अंगाला डोंगराला चिकटून असलेल्या कातकरवाडीतली. आठ वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर निघाली असता तिला वाटेत कळा आल्या, आमच्याकडे बाळंत झाली, मूल जगलं नाही. नवरा भट्टीवर पुढे गेला तो गेलाच, तिथे त्याने दुसरं घर केलं, आणि ही इथे राहिली. सोड्याच्या पाण्याने तिचे हात कोपरापर्यंत उलले आहेत, पण त्याच हातांना आणखी एक गोष्ट येते. धुणं दोरीवर पडलं की ती प्रसूतीच्या खोलीत येते आणि नुसता हात लावून पोर आडवं आहे की सरळ ते सांगते. गेल्या तीन वर्षांत तिचं एकदाही चुकलेलं नाही. डॉक्टरीणबाईंचं दोनदा चुकलं. (त्या आठवड्यातून दोनच दिवस येतात, म्हणून त्यांना माफ आहे.) आता ठाण्याला दाईंचा सहा महिन्यांचा वर्ग निघतो आहे, मंगळवारी ता. ७ पासून, आणि डोंगरवाड्यांतल्या एका बाईसाठी त्यात आम्हांला जागा मिळाली. वरच्या अकरा वाड्यांत शिकलेली दाई एकही नाही. नाळ कापायला अजून विळा घेतात. यावर मी अधिक लिहीत नाही. तू आई आहेस.

जागेचं पत्र आलं त्या दिवशी मी भिमीला ही बातमी सांगितली. ती पिळायला घेतलेली चादर तशीच हातात धरून उभी राहिली, मग पिळून झाली, झटकून झाली, दोरीवर टाकून झाली आणि मग म्हणाली, "मी नाय जायची बाय."

"का गं?"

"मी गेलं तं हा धुन्याचा डोंगर कोन उपसंल? तुमी?"

मी म्हटलं, यंत्र उपसेल.

"ते?" तिने पडवीकडे पाहिलं. "त्याला आदी पानी तं पिऊं द्या."

म्हणजे प्रश्न असा होता. यंत्र पाणी पिणार नसेल तर भिमी जाणार नाही, आणि जागा खर्डीकडच्या दुसऱ्या बाईला जाईल. भिमी एकदा नाही म्हणाली की तिला हलवणं कठीण. त्या बाबतीत ती माझीच सावली आहे, असं लोक म्हणतात. माझ्या हातात होते अठरा दिवस.

यंत्रासोबत इंग्रजी पुस्तिका आहे. तिच्या शेवटच्या पानावर ‘यंत्रात पाणी न भरल्यास’ असा मथळा आणि त्याखाली सहा कलमं. मी बी.ए. झाले त्याला पस्तीस वर्षं झाली, पण विषय तर्कशास्त्र होता आणि तर्कशास्त्र शिळं होत नाही. एकेक शक्यता खोडत गेलं की शेवटी जी उरते तीच खरी, या विश्वासाने मी पेन्सील घेऊन बसले. पहिलं कलम, विजेची कळ दाबली आहे का? दाबली होती. यंत्र गुरगुरत होतं, म्हणजे त्याला इच्छा होती. दुसरं कलम, नळ उघडा आहे का? आमच्याकडे नळ म्हणजे न्हाणीघराच्या कौलांशेजारी ओट्यावर ठेवलेलं लोखंडी पिंप, त्याला खाली तोटी, आणि तोटीपासून यंत्रापर्यंत रबरी नळी. पिंप भरण्याचं काम देवजीचं. (देवजी आमचा पाणक्या. विहिरीचं पाणी काढणं आणि केळींना घालणं ही त्याची कामं, आणि नको ते काम ऐकू न येणं हा त्याचा गुण.) मी पडवीतून ओरडून विचारलं, देवजी, नळ उघडा आहे का? तो तिकडून म्हणाला, "उघडाच हाय बाय, कवाचा!" त्याच्या शब्दावर विसंबून मी दोन दिवस तिसऱ्या आणि चौथ्या कलमाशी झगडले. नळी दुमडली आहे का, म्हणून ती आंब्याच्या फांदीवरून झोळीसारखी टांगून सरळ केली. दार घट्ट लागलं आहे का, म्हणून यंत्राच्या काचेच्या दाराला पाठ लावून अर्धा तास बसले. तिसऱ्या दिवशी ओट्यावर गेले तर तोटीची चावी बंद! थंडीत तोटीला गुंडाळलेलं गोणपाट तेवढं देवजीने काढून ठेवलं होतं. नळ उघडा होता म्हणजे अंगावर कपडा नव्हता. मी संतापून म्हटलं, अरे, उघडा म्हणजे सोडलेला! तो शांतपणे म्हणाला, "मंग सोडला का, आसं इचारावं ना बाय. उघडा का म्हनलं तं मी काय सांगू?" शब्द नेमके वापरा, असं शाळेत मी बावीस वर्षं मुलींना सांगत आले. 

चावी सोडली. पिंपात चाळीस घागरी पाणी. यंत्र गुरगुरलं, आणि आत एक थेंब नाही.

मग अनंताला बोलावलं. अनंता इथला वायरमन. सायकलीही दुरुस्त करतो, पंपही करतो, आणि दिवाळीत यंत्र बसवलं ते त्यानेच. पण सध्या निवडणूक. मुरबाडात जितके उमेदवार आहेत त्या सगळ्यांचे कर्णे अनंताचे. सकाळी एका जीपवर, दुपारी तोच कर्णा विरोधकाच्या जीपवर. (मत कोणाला देणार विचारलं तर म्हणतो, जो कर्णा न फोडता परत देईल त्याला.) तो दोन सभांच्या मधल्या वेळात आला, पेचकस लावून दिवा पेटवून पाहिला आणि निदान केलं, "करंट बराबर हाय. मशीनला पानीच वळखू येत नाय."

"म्हणजे काय रे?"

"फारेनचं मशीन, बाय. त्यानं आक्खा जन्म नळाचं पानी पेलं. हे विहिरीचं हाय."

भिमी तिथेच होती. ती म्हणाली, "मंग त्याला घागरीनं पाज ना रं. माज्या मामाचं वासरू असंच धरून पाजलं होतं." आणि अनंताने खरंच काचेचं दार उघडून घागर आत ओतली. पाणी दारातून जसंच्या तसं बाहेर आलं, पडवीभर झालं, माझ्या पापडांच्या टोपलीखालून गेलं आणि बाळंतिणींच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबलं. आतून कोणीतरी विचारलं, कोन न्हातंय गो? अनंता म्हणाला, "बगा, वळखलं नाय." आणि तो जीपवर गेला.

राहिलं पाचवं कलम. पाण्याला पुरेसा जोर आहे का, आणि यंत्राच्या मुखाशी असलेली जाळी स्वच्छ आहे का? त्यातलं जाळीचं वाक्य वाचून मला राग आला. पाणी गाळून घ्यावं हे विलायती कंपनीने यमुना दिघेला शिकवावं? तुला आठवत असेल, नारूचा रोग या भागात किती होता. अकरा वर्षं मी वाडी न वाडी पायाने तुडवून बायकांना पाणी गाळायला शिकवलं आहे. बायकांच्या लक्षात राहावं म्हणून मी स्वतः एक ओळ रचली होती, ‘चौपदरी फडकं, मग भरा मडकं’. (तुला ती हसण्यासारखी वाटली होती. इथल्या पोरी ती लगोरी खेळताना म्हणतात.) तेव्हा जाळीचा भाग खोडला आणि पाण्याच्या जोराकडे वळले. सहाव्या कलमाचा उपयोग नव्हता. त्यात लिहिलं होतं, जवळच्या प्रतिनिधीस बोलवावं, आणि यादीप्रमाणे जवळचा प्रतिनिधी एडनला आहे.

जोर हवा तर पिंप उंच हवं, एवढं पदार्थविज्ञान मलाही येतं. देवजीला म्हटलं, पंधरा फूट उंचीवर पिंप चढवायचं. मला वाटलं, आता याला आठ दिवस ऐकू येणार नाही. पण काम त्याच्या आवडीचं निघालं. शेताला राखण बसते तेव्हा उभारतात तसा माळा त्याने अंगणाच्या कडेला, रस्त्यालगत, बांबू आणि सागाचे वासे बांधून दीड दिवसात उभा केला. मग सहाजणांनी दोर लावून पिंप वर चढवलं, तोटीसकट आणि तोटीला आवळलेल्या नळीसकट. (हे शेवटचे चार शब्द लक्षात ठेव.) माळा इतका देखणा झाला की दुसऱ्याच दिवशी कुठल्याशा उमेदवाराची माणसं विचारायला आली, हे व्यासपीठ कोणत्या पक्षाने अडवलं आहे? मी म्हटलं, धुण्याने. त्यांनी ते नाव लिहून घेतलं.

शुक्रवारी सकाळी पिंप भरलं. चावी सोडली. (सोडली का, असंच विचारलं.) यंत्र गुरगुरलं. आम्ही सगळे काचेला डोळे लावून बसलो आणि आत एक थेंब आला. मग बऱ्याच वेळाने दुसरा. भिमीने ते पाहिलं आणि चादरींचं गाठोडं उचलून ती विहिरीवर निघाली. कुमुद, तिच्या त्या पाठमोऱ्या चालण्याने मला जे झालं ते मी इथे लिहीत नाही. ती वर्गाला जाणार नव्हती आणि तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटावं अशी सवयच तिला कधी लागली नव्हती. मी मनात म्हटलं, मंगळवार अजून उजाडायचा आहे.

तर्काने पाहिलं. वर पाणी आहे, खाली नाही, तेव्हा अडथळा मध्ये आहे. अनंताने आदल्या दिवशी नळीच्या खालच्या तोंडातून फुंकर मारून पाहिली होती आणि त्याचे गाल फुगून लाल झाले होते, पण फुंकर वर पोचली नव्हती. "नळी दमलीय," असं म्हणून तो गेला होता, पण पाना पडवीतच विसरला होता. देवजीला वर चढ म्हटलं. त्याला ऐकू आलं नाही. मग मी कासोटा आवळला, पाना कमरेला खोचला आणि शिडी चढले. देवजीने डोळ्यांवर दोन्ही हात घेतले आणि बोटांच्या फटीतून शिडी धरली असावी, कारण ती हलत होती.

आता नेमकी त्याच वेळी रस्त्याने जीप यावी! माळा, माळ्यावर उभी बाई, खाली लोक, हे पाहून जीप थांबली, मागची पंधरावीस माणसं थांबली आणि अनंताच्याच कर्ण्यातून आवाज आला, "शांत राहा, शांत राहा, ताई बोलणार आहेत." मी लक्ष दिलं नाही. नळीची लोखंडी पट्टी सैल केली, नळी ओढली, आणि तोटीच्या तोंडावर काय असावं? फडकं. जुन्या लुगड्याचं, मऊ, चार घड्या घालून सुताने सुबक बांधलेलं, आणि त्यात तीन महिन्यांचा गाळ चिखलाच्या वडीसारखा थापलेला. मी ते उंच धरून खाली विचारलं, "हे कोणी घातलं?" माझा आवाज तुला माहीत आहे. 

विहिरीवरून भिमी आली. तिने वर पाहिलं. "मी."

"कशाला?"

"कशाला म्हंजी? तुमीच सांगलं ना बाय. चौपदरी फडकं, मग भरा मडकं."

"अगं, हे मडकं आहे का?"

"मंग काय हाय? पानी भरायचं ना त्याच्यात? लोखंडाचं मडकं." आणि मग थोडी दुखावून, "तान्ह्या पोरांच्या दुपट्यांचं पानी हाय बाय. गाल्ल्याबिगर कसं घालू? पयल्यांदा आले तवा मी तीन घागरी तशाच भरल्या, तं तुमी तिन्ही उपड्या केल्या."

केल्या होत्या. आठ वर्षांपूर्वी. जीपमागच्या गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने मान डोलावली. "बाय, पोर बराबर बोलते. आमच्या वाडीत बी तुमीच सांगलं होतं." दुसरा म्हणाला, "आमच्या बी." मी अनंताकडे पाहिलं. नळी बसवताना त्याला हे दिसलं नव्हतं का? तो जीपवरून ओरडला, "दिसलं ना! मला वाटलं, गळू नये म्हनून प्याकिंग हाय! लय झकास बांधलं होतं!" कर्णा चालू होता, त्यामुळे हे बाजारपेठेपर्यंत ऐकू गेलं. माळ्यावर उभं राहून मी त्या वेळी काय बोलले, असं मला इथले लोक अजून विचारतात. मी काही बोलले नाही. माझी नोकरी सुरू झाल्यापासून असा हा पहिलाच प्रसंग.

फडकं काढून नळी चढवली. चावी सोडली. यंत्रात पाणी असं धो धो आलं की काचेजवळ बसलेल्या दोन बाळंतिणी पोरं घेऊन पळाल्या आणि अनंता म्हणाला, "वळखलं!" तासाभरात अकरा चादरी निघाल्या, पांढऱ्या, अर्ध्या वाळलेल्या. भिमीने एक चादर नाकाशी नेली, उजेडात धरली, कोपरे तपासले. मग म्हणाली, "बरी धुते." एवढंच. पण ही पसंती होती.

इथे पत्र संपायला हवं. पण शनिवारी दुसऱ्या खेपेला यंत्र पुन्हा कोरडं गुरगुरलं. यंत्राच्या मागे नळी जिथे बसते तिथे बोटाच्या पेराएवढी पितळी जाळी आहे, ती आमच्या विहिरीच्या गाळाने लिंपून गेली होती. तीच ती पाचव्या कलमातली जाळी, जी मी रागाने खोडली होती. म्हणजे कंपनीचं म्हणणं आणि भिमीचं म्हणणं एकच होतं, मध्ये मी होते. जाळी भिमीनेच बाभळीच्या काट्याने टोकरून साफ केली आणि म्हणाली, "गाळायचं खरंच हाय बाय. पन तोटीला नाय, पिंपाच्या तोंडाला. मोठं फडकं, मंग पानी अडत नाय." तिने एका जुन्या चादरीची चौघडी पिंपाच्या तोंडावर ताणून बांधली, देवजी आता त्यावरूनच घागरी ओततो, आणि कालपासून आजपर्यंत पाच खेपा झाल्या, एकही अडली नाही. देवजीला कळा फिरवायला तिनेच शिकवलं. (कळ दाबल्यावर तो यंत्राला नमस्कार करतो. मी तो बंद केलेला नाही.) आज सकाळी तिने स्वतःहून विचारलं, ठान्याला थंडी लय असते का? तेव्हा मला कळलं की जागा गेली नाही.

तर कुमुद, तुझ्या यंत्रामुळे बारा खाटांना चादरी पुरतील आणि पुढल्या श्रावणापर्यंत वरच्या वाड्यांत एक शिकलेली दाई असेल. तुझ्या भावाच्या घरी चार माणसं आणि दोन गडी आहेत, त्यांना हाताने धुता येईल. तुझा मोठेपणा मी जाणते आणि तो तू दाखवशील अशी खात्री आहे. आईस साष्टांग नमस्कार, बेबीस गोड पापा, गणित न सोडल्यास.

तुझी वन्सं,
यमुना दिघे

ता. क. यंत्र चालतं असं मी वर लिहिलं आहे, ते शब्दशः खरं आहे. पिळण्याच्या वेळी ते पडवीतून चालत निघतं आणि गेल्या खेपेला अंगणाच्या पायरीपर्यंत गेलं. त्या दहा मिनिटांत देवजी त्याच्यावर बसतो. त्याला ते आवडतं. हे तुझ्या भावाला जरूर कळव. नाशिकला असा माणूस मिळणं कठीण आहे.

पुन्हा ता. क. टपालाने हे पत्र गुरुवारनंतर पोचलं असतं आणि तोवर ट्रक निघाला असता, म्हणून ते हातोहात पाठवते आहे. घेऊन येणारी भिमीच. उद्या सोमवारी पहिल्या यष्टीने निघून कल्याणला गाडी बदलून दुपारपर्यंत ठाण्याला तुझ्या दारात येईल. तू वाचत असताना ती जिन्यात उभी असेल. आधी तिला आत घे. वर्गाला येणाऱ्या बायकांनी राहायची सोय स्वतःची पाहायची आहे, असं जागेच्या पत्रातच लिहिलं होतं. मी ते भिमीला सांगितलं नाही. तिला सांगितलं आहे की वहिनींनी स्वतः आग्रहाने बोलावलं आहे, तेव्हा चेहरा त्याप्रमाणे ठेव. तुमची मागची खोली यंत्र गेल्यापासून रिकामी आहे. आईला विचारू नकोस, आईला सांग. विटाळाचं काढलंच तर म्हणावं, भिमीच्या हातून गेल्या तीन वर्षांत जी पोरं जन्मली त्यांत तहसीलदारांचा नातूही आहे आणि त्याने काही तक्रार केलेली नाही. शिवाय भिमी गुडघे फार छान चोळते. तुमचं पाणी ती गाळून भरेल. ते तिला करू दे.

भिमीच्या हवाली दिलेल्या वस्तू, तपासून घेणे:

हे पत्र, एक.
वर्गाच्या जागेचं पत्र, शिक्क्यासह, एक.
लुगडी दोन, चोळ्या तीन, घोंगडी एक (म्हशाची).
हातांना लावायचं करंजेल, बाटली एक. रोज लावते की नाही ते पाहावं.
पापड, बाळंतिणींच्या वाट्यातून, एक पुडकं. वाळवण्याची जागा तुला ठाऊक आहे.

हे सर्व भिमीच्या हवाली, आणि भिमी तुझ्या हवाली. पोच टपालाने पाठव; तिच्या हाती देऊ नकोस, ती सहा महिने परत येणार नाही.